नकोशा जगांचा इतिहास

कादंबरी वाचताना आपण तिच्या जगात मनाने राहायला जातो, आणि पुष्कळदा तिथून परतताना जिवावर येते. परंतु विसाव्या शतकात अशीही काही पुस्तके निघाली, की त्यांच्या गावी एक रात्र काढणे कोणी पत्करणार नाही. टीकाकार त्यांचा संबंध हुकूमशहांशी जोडतात. ते खोटे नाही. पण माझी हयात कामगारांत गेली असल्यामुळे त्या जगांतला भोंगा मला आधी ऐकू येतो. ही नकोशी जगे प्रथम कारखान्यात आकाराला आली, एवढेच मला आज सांगायचे आहे.

१९११ साली अमेरिकेत फ्रेडरिक टेलर याचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात एक मजूर दिवसाला साडेबारा टन कच्चे लोखंड वाघिणीत भरी. घड्याळ लावून त्याचे चालणे, उचलणे आणि बसणे ठरवून दिल्यावर तो साडेसत्तेचाळीस टन भरू लागला, असे टेलर लिहितो. रोज १ डॉलर १५ सेंट होता, तो १ डॉलर ८५ सेंट झाला. काम जवळजवळ चौपट आणि मजुरी दीडपटीहून थोडी अधिक, हा हिशेब कोणीही कामगार बोटांवर करील.

१९१३ साली हेन्री फोर्डने आपल्या कारखान्यात मोटारीच्या सांगाड्याची सरकती जुळणी सुरू केली. साडेबारा तासांचे काम पुढे दीड तासाच्या आसपास आले. त्या वर्षी कामगार इतके सोडून जात, की एक जागा भरलेली ठेवायला वर्षात तिघा-चौघांना घ्यावे लागे. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने पाच डॉलर रोज जाहीर केला. मात्र त्यातला मोठा भाग कामगाराचे घरचे वर्तन पसंत पडले तरच मिळे, आणि ते पाहायला तपासनीस घरी येत.

आता पुस्तकांकडे वळू. येवगेनी झाम्यातिन हा रशियन लेखक पेशाने जहाजांचा इंजिनियर. १९१६-१७ मध्ये बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख करण्यासाठी तो इंग्लंडातल्या टाइन नदीकाठच्या गोद्यांत होता. पुढे त्याने ‘आम्ही’ या अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. तिच्यातल्या माणसांना नावे नाहीत, नंबर आहेत. सारे शहर एकाच मिनिटाला उठते, प्रत्येक घास पन्नास वेळा चावते, आणि टेलरला थोर पूर्वज मानते. यानाच्या इंजिनाची चाचणी होताना दहाएक माणसे जळून जातात, तरी कामाची लय चुकत नाही. आणि ही गोष्ट सांगणाऱ्या इंजिनियरला तिचा अभिमान वाटतो! हे नुसते भांडवलदारांचे चित्र नव्हे. टेलरच्या पद्धतीचा अभ्यास करून ती राबवावी, असे लेनिननेही १९१८ मध्ये लिहिले होते. कादंबरी प्रथम १९२४ साली न्यूयॉर्कला इंग्रजीत निघाली; तिच्या स्वतःच्या देशात ती १९८८ साली छापली गेली.

१९३२ साली ऑल्डस हक्स्लेचे ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ आले. त्यात सनच फोर्डच्या नावाने चालते. एका बीजापासून शहाण्णव जुळी बनवून ती शहाण्णव यंत्रांवर उभी करतात. खालच्या कामाच्या जीवांना बाटलीतच प्राणवायू कमी देतात, आणि आपले काम आपल्याला आवडते हे त्यांना झोपेत शिकवतात. कामाचा दिवस चार तासांवर आणणे तिथे सहज शक्य असते; पण फुरसत मिळाली की माणसे अस्वस्थ होतात, म्हणून राज्यकर्ते ते नाकारतात. आठ तासांच्या दिवसासाठी जगभर रक्त सांडले आहे, हे ठाऊक असणाऱ्याच्या अंगावर इथे काटा येतो.

हा इतिहास आपल्या दारावरूनही गेला आहे. झाम्यातिनचे पुस्तक निघून चार वर्षे झाली होती आणि हक्स्लेचे निघायला चार वर्षे होती, तेव्हा, १९२८ साली, मुंबईच्या गिरण्यांत विणकराने दोनऐवजी तीन माग पाहावेत, अशी योजना आली. सुमारे दीड लाख कामगार एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संपावर राहिले. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. तरी जे जग या लेखकांनी कागदावर नाकारले, तेच त्यांनी उपाशी राहून नाकारले.

यांतले कोणते पात्र होणे तुम्हाला अगदी नको, असे मला विचाराल, तर मी त्या जळालेल्या दहांचे नाव घेणार नाही. त्यांच्यासाठी निदान रडता येते. मला भय वाटते ते झाम्यातिनच्या शेवटच्या पानांवरील इंजिनियरचे. शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्ती काढून टाकलेली असते. जिच्यावर त्याचे प्रेम होते तिचा छळ तो समोर बसून पाहतो, आणि त्याला काहीच वाटत नाही.

आज मोठमोठ्या गोदामांत मजुराच्या हातातले यंत्रच त्याची मिनिटे मोजते. टेलरचे घड्याळ थांबलेले नाही. संघटनेच्या कामात मला चिडलेला माणूस कधी जड गेला नाही. जड जातो तो ‘चालायचेच’ म्हणणारा. तेव्हा ही पुस्तके जरूर वाचा, पण नायकाच्या हाताला धरून फिरू नका. त्या शहाण्णवांत आपली जागा शोधा, आणि तिथून कुरकूर करता येते का, ते पाहा.