सोळा मुलांची शाळा

जानेवारी १८९६मध्ये शिकागो शहरात एक लहानशी शाळा सुरू झाली. मुले सोळा, शिकवणारी माणसे दोन. शाळा काढणारे जॉन ड्यूई शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. प्रयोगशाळेवाचून जसे रसायनशास्त्र शिकवता येत नाही, तसेच शाळेवाचून शिक्षणशास्त्रही शिकवता येत नाही, असे त्यांचे मत होते.

शाळेसाठी टेबले घ्यायला ते बाजारात हिंडले, पण मनाजोगती मिळेनात. अखेर एका दुकानदाराने अडचण नेमकी ओळखली. ड्यूईंना मुलांनी काम करावे अशी टेबले हवी होती आणि बाजारातली सगळी मुलांनी ऐकत बसावे यासाठी बनवलेली होती!

या शाळेत स्वयंपाक, सुतारकाम, विणकाम हेच अभ्यासाचे दरवाजे होते. मुलांनी कापसातली सरकी हाताने काढून पाहिली. अर्ध्या तासात जेमतेम चिमूटभर कापूस निघाला. पूर्वीचे लोक सुतीऐवजी लोकरीचे कपडे का वापरत, हे मग वेगळे सांगावे लागले नाही. तिथून धागा यंत्रांकडे, व्यापाराकडे, इतिहासाकडे गेला. शिवाय कामे मिळून करायची असल्यामुळे दुसऱ्याचे ऐकणे, आपला वाटा उचलणे हेही अंगवळणी पडे.

काही वर्षांत मुले १४० झाली. १९०३मध्ये मात्र विद्यापीठाने ही शाळा दुसऱ्या शाळेत विलीन केली. मुख्याध्यापिका असलेल्या ॲलिस ड्यूई यांच्या नेमणुकीवरून वाद पेटला आणि १९०४मध्ये पती-पत्नी दोघेही राजीनामा देऊन बाहेर पडले. ड्यूईंचा प्रयोग आठ वर्षांत संपला.

ड्यूई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते. लोकशाही म्हणजे केवळ राज्यपद्धती नव्हे, तर एकत्र जगण्याची रीत, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांनी १९३६च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातिव्यवस्थेविरुद्ध उभा केला आणि त्याच ग्रंथात गुरूचे ऋणही मान्य केले.

शिकागोच्या त्या शाळेत बहुतेक मुले सुशिक्षित, सुस्थित घरांतली होती. ड्यूईंना मात्र आपल्या मुलासाठी जे उत्तम वाटते, ते समाजातल्या प्रत्येक मुलाला मिळायला हवे होते. चांगल्या छोट्या शाळा आपल्याकडेही आहेत. त्यांचे कौतुक करताना एवढे जरूर विचारावे, की त्यांच्या बाकांवर एकमेकांशेजारी कोणाकोणाची मुले बसतात?