शासकीय मदतीचा पैसा आणि दारिद्र्यमुक्ती : यवतमाळ जिल्ह्यातील अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

उमरखेड तालुक्यातील ढाणकी ही पैनगंगेच्या खोऱ्यातील एक प्रमुख बाजारपेठ होय. पैनगंगा अभयारण्यालगतच्या 'बंदी भागा'तील आंध, बंजारा व इतर समाजांच्या गावांचा बी-बियाण्यांचा, कापूस-विक्रीचा आणि उधारीचा व्यवहार बऱ्याच अंशी या पेठेशी जोडलेला आहे. तगाई, दुष्काळी कामांची मजुरी, व्याजमाफी, कर्जमाफी, सानुग्रह अनुदान व सन्मान निधी अशा निरनिराळ्या नावांनी शासनाचा पैसा कोरडवाहू मुलखात येत राहिला. तो आला की नाही, याविषयी फारसा वाद नाही. तो कोणत्या कागदाच्या आधारे आला आणि कोणाच्या हाती थांबला, यावर त्याने दारिद्र्य हटविले की केवळ एक हंगाम निभावून नेला, हे ठरले. यवतमाळ जिल्ह्याचा अनुभव या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

तगाई ते रोजगार हमी

ब्रिटिश राजवटीने १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा व १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा करून तगाईला कायदेशीर चौकट दिली. तगाईसाठी तारण लागे, आणि तारण म्हणजे मुख्यतः जमीन. ज्याच्याजवळ ते नव्हते, तो सावकाराच्या ओसरीवरच राहिला. मदत जमिनीच्या कागदामागून चालते, ही रीत तेव्हापासूनची आहे.

या रीतीला खरा छेद दिला तो रोजगार हमी योजनेने. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर विस्तारली. त्या वेळी मुख्यमंत्रिपदी वसंतराव नाईक होते, म्हणजे याच जिल्ह्यातील पुसदजवळच्या गहुलीचे सुपुत्र. १९७७ मध्ये कायदा संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरी नोकरदारांच्या व्यवसाय करातून तिच्या खर्चाचा मोठा वाटा उभा राहिला. येथे सातबारा लागत नव्हता की जामीन लागत नव्हता, अंगमेहनतीची तयारी पुरेशी होती. त्यामुळेच स्त्रिया व भूमिहीन मोठ्या संख्येने या कामांवर आले.

तथापि या योजनेने उपासमार रोखली, दारिद्र्यातून वर काढण्याचे काम तिने क्वचितच केले. मजुरी किमान पातळीवर राहिली आणि काम संपताच मजूर पूर्वीच्याच ठिकाणी परतला. बांध, पाझर तलाव व रस्ते यांतून निर्माण झालेल्या मत्तेचा लाभ ज्यांच्या शेताजवळ ती होती, त्यांना मिळाला. १९९० नंतर योजनेशी निगडित फळबाग लागवड आली, तीही जमीनधारकासाठीच. खडी फोडणाऱ्या बाईच्या नावे झाड लागले नाही.

२००५-०६ ची पॅकेजे

कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ मध्ये सुरू झाली व २००२ च्या सुमारास तिचा एकाधिकार संपला. पुढील काही वर्षांत शेतकरी आत्महत्यांनी विदर्भ देशभर चर्चेत आला. डिसेंबर २००५ मध्ये राज्य शासनाने १,०७५ कोटींचे, तर जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. अमरावती, अकोला, यवतमाळ, वर्धा, बुलढाणा व वाशीम हे सहा जिल्हे त्यात होते.

या ३,७५० कोटींची विभागणी बोलकी आहे. २,१७७ कोटी, म्हणजे जवळजवळ ५८ टक्के, सिंचन प्रकल्पांसाठी होते आणि ७१२ कोटी थकीत व्याजाच्या माफीसाठी. धरण पूर्ण होईपर्यंत पहिल्या रकमेचे फळ दिसणे शक्य नव्हते. दुसरी रक्कम बँकांच्या खातेवहीत जमा झाली. कर्जदार नव्या कर्जास पात्र ठरला, मात्र मुद्दल कायम राहिले. सावकाराचे किंवा कृषी केंद्राच्या उधारीचे देणे या हिशेबात कोठेच नव्हते.

पूरक उत्पन्नासाठीच्या १३५ कोटींत दुधाळ गायींचे वाटप होते. निम्मी किंमत शेतकऱ्याने भरावयाची होती. उन्हाळ्यात जेथे माणसांच्या पिण्याच्या पाण्याची ओढ असते, तेथे संकरित गायीचा चारा-पाण्याचा खर्च भागवायचा कसा, आणि दूध घालायचे कोणत्या संघाला? विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्प २०१६ मध्ये आला. म्हणजे गाय आधी आली आणि दुधाची वाट दहा वर्षांनी! बांगलादेशात 'ब्रॅक' संस्थेने २००२ पासून अतिगरिबांना जनावरे दिली, परंतु त्यासोबत काही महिने निर्वाहभत्ता आणि सुमारे दोन वर्षे नियमित मार्गदर्शनही दिले. याच धर्तीवर भारतासह सहा देशांत झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. मदत थांबल्यानंतर वर्षभरानेही कुटुंबांचे उत्पन्न व उपभोग वाढलेला आढळला. जनावर तेच, त्याभोवतीची व्यवस्था मात्र निराळी.

पात्र आणि अपात्र

आत्महत्याग्रस्त कुटुंबास एक लाख रुपयांचे साहाय्य देण्याच्या २००६ च्या निर्णयात ७० हजार मुदत ठेवीत व ३० हजार हाती, अशी विभागणी होती. मृताच्या किंवा कुटुंबीयाच्या नावे जमीन, बँक, सहकारी संस्था वा परवानाधारक सावकाराचे थकीत कर्ज आणि वसुलीचा तगादा हे निकष होते. ठोक्याने शेती करणारा, वनजमीन विनापट्टा कसणारा व विनापरवाना सावकाराचा ऋणको यांचे मरण या कागदात बसत नव्हते. 'अपात्र' हा शब्द विदर्भात घरोघरी परिचित झाला, तो यातूनच.

२००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरची मर्यादा आली. बागायती प्रदेशात पाच एकरांचा मालक सधन असू शकतो, तर यवतमाळच्या कोरडवाहू रानात आठ एकरवालाही कर्जबाजारी असतो. पुढे अवर्षणप्रवण जिल्ह्यांतील मोठ्या खातेदारांसाठी २० हजारांची सवलत जोडली गेली, तरी मूळ भेद मिटला नाही. महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालानुसार लाभ न मिळालेल्या व तपासलेल्या ९,३३४ खात्यांपैकी १,२५७ खातेदार प्रत्यक्षात पात्र होते. त्यानंतर २०१७ व २०१९ मध्ये राज्याने पुन्हा कर्जमाफी केली. दर काही वर्षांनी तीच थकबाकी उभी राहते, याचे कारण शरद जोशी यांनी १९८० च्या दशकातच शेतमालाच्या भावात दाखविले होते.

भाव आणि अनुदान यांची तुलना साध्या हिशेबाने करता येते. २००४-०५ च्या हंगामात राज्याने कापसाला क्विंटलमागे ५०० रुपये अग्रिम बोनस दिला आणि पुढच्याच हंगामात तो काढून घेतला. २० क्विंटल पिकविणाऱ्याचे त्यात १० हजार रुपये गेले. २०१९ मध्ये सुरू झालेला पंतप्रधान किसान सन्मान निधी वर्षाला ६ हजारांचा आहे, म्हणजे १२ क्विंटलांवरील बोनसाएवढा. राज्याने २०२३ मध्ये त्यात आणखी ६ हजारांची भर घातली, तेव्हा हा आकडा २४ क्विंटलांवर गेला. दरम्यान बियाणे, खत व मजुरीचे दर कितीतरी वाढले होते. हा निधीही जमिनीच्या मालकी नोंदीवरूनच मिळतो. दुसऱ्याचे रान ठोक्याने करणारा आणि कापूस वेचणारी मजूर स्त्री यांची नावे त्या नोंदीत नसतात.