व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरला स्पीकर कोणता?

ज्यांच्या लहानपणी दिवाणखान्यात व्हॉल्व्हचा रेडिओ होता, त्यांना व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरचे आकर्षण समजावून सांगावे लागत नाही. ट्रान्झिस्टरने बाजार काबीज केला, तरी व्हॉल्व्ह संपले नाहीत. रशिया, चीन आणि स्लोव्हाकिया येथे ते आजही तयार होतात. हौशी ग्राहक मात्र बहुधा अॅम्प्लिफायर आधी पसंत करतो आणि त्याला घरातलेच जुने स्पीकर जोडतो. मग तार सप्तकात आवाज फाटतो किंवा डग्गा घुमत राहतो आणि दोष व्हॉल्व्हच्या माथी मारला जातो. वस्तुत: दोष यंत्रात नसून जोडीत असतो.

पहिला प्रश्न शक्तीचा. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने १९३८ मध्ये आणलेला ‘३००बी’ हा व्हॉल्व्ह रसिकांचा लाडका. पण एकट्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे ‘सिंगल एंडेड’ रचनेत तो जेमतेम ८ वॉट देतो. ‘ईएल३४’ची जोडी ‘पुश-पुल’ रचनेत ३० ते ४० वॉटपर्यंत जाते. हे आकडे ऐकून बिचकण्याचे कारण नाही. खरा आकडा स्पीकरच्या पाठीवर असतो, तो म्हणजे संवेदनक्षमता: १ वॉट दिला असता १ मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो ते माप. ९० डेसिबलचा स्पीकर ८ वॉटवर ९९ डेसिबलपर्यंत पोहोचतो. दहा बाय बाराच्या खोलीत खयाल ऐकण्यास एवढे पुरेसे आहे. तोच आवाज ८४ डेसिबलच्या स्पीकरमधून हवा असेल, तर चौपट म्हणजे ३२ वॉट लागतात. उलटपक्षी, कर्ण्याच्या रचनेचे ‘क्लिप्शहॉर्न’सारखे स्पीकर शंभर डेसिबलच्या वर जातात, त्यांना २ वॉटही भरपूर होतात. ते खोलीच्या कोपऱ्यातच ठेवावे लागतात आणि आकाराने कपाटाएवढे असतात, ही गोष्ट वेगळी!

येथे माहितीपत्रकातील एक चलाखी ध्यानात ठेवावी. अनेक उत्पादक संवेदनक्षमता १ वॉटऐवजी २.८३ व्होल्टवर देतात. ८ ओहमच्या स्पीकरला हा दाब म्हणजे बरोबर १ वॉट. परंतु ४ ओहमच्या स्पीकरला तो २ वॉट होतो. म्हणजे अशा स्पीकरच्या आकड्यातून ३ डेसिबल वजा करूनच तुलना करावी.

दुसरा प्रश्न इम्पीडन्सचा, आणि बहुतेक जोड्या येथेच बिघडतात. स्पीकरवर ‘८ ओहम’ असे लिहिलेले असले, तरी तो आकडा स्थिर नसतो. खर्जात एके ठिकाणी तो ३० ओहमवर चढतो, तर दुसरीकडे ५ ओहमपर्यंत उतरतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार सर्वात खालचा आकडा छापील आकड्याच्या ८० टक्क्यांहून कमी होऊ नये. हा दंडक सगळेच पाळतात असे नाही. ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरचा स्वत:चा अंतर्गत इम्पीडन्स नगण्य असल्याने त्याला या चढउतारांचे सोयरसुतक नसते. फीडबॅक नसलेल्या ३००बी अॅम्प्लिफायरचा अंतर्गत इम्पीडन्स मात्र ३ ओहमच्या आसपास असू शकतो. मग ५ आणि ३० ओहमच्या दोन ठिकाणांत आवाजाच्या पातळीचा फरक ३ डेसिबलहून अधिक पडतो. फीडबॅक असलेल्या, अर्ध्या ओहमच्या पुश-पुल अॅम्प्लिफायरमध्ये तोच फरक पाऊण डेसिबलच्याही आत राहतो. थोडक्यात, त्याच स्पीकरचा स्वरच बदलतो. डग्ग्याचा घुमारा वाढतो तो बहुधा यामुळे.

या दृष्टीने इंग्लंडमधील ‘क्वाड २’चे उदाहरण बोलके आहे. पीटर वॉकर यांच्या कंपनीने १९५३ मध्ये बाजारात आणलेला हा अॅम्प्लिफायर ‘केटी६६’च्या जोडीवर १५ वॉट देत असे. याच कंपनीने १९५७ मध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर आणला. त्याचा इम्पीडन्स अतितीव्र स्वरांत फार खाली घसरतो आणि अधिक दाब दिल्यास त्याच्या पडद्याला इजा होण्याचा धोका असतो. तरीही १५ वॉटच्या ‘क्वाड २’बरोबर त्याचा संसार सुखाचा झाला, कारण दोन्ही वस्तू एकमेकांच्या मर्यादा ओळखून घडविलेल्या होत्या. बीबीसीने १९७० च्या दशकात बाह्य प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला ‘एलएस३/५ए’ हा छोटा स्पीकर तर नियमाला अपवाद म्हणावा असा. त्याची संवेदनक्षमता अवघी ८३ डेसिबलच्या आसपास. पण मूळ आवृत्तीचा इम्पीडन्स १५ ओहम, म्हणजे व्हॉल्व्हवरचा भार हलका. लहान खोलीत, बेताच्या आवाजात गाणे ऐकणाऱ्याला १५ वॉटवर तो निराश करीत नाही. ८ वॉटचे धाडस मात्र करू नये.

अॅम्प्लिफायरच्या मागे ४, ८, १६ ओहम अशा खुणा असतात, त्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या. व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार हवा असतो, तर स्पीकरचा असतो जेमतेम ८ ओहम. हे अंतर सांधण्याचे काम हा ट्रान्सफॉर्मर करतो, म्हणूनच चांगला अॅम्प्लिफायर उचलायला जड असतो. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरवर गाणे कधीही लावू नये. ट्रान्सफॉर्मरमध्ये भलताच दाब निर्माण होऊन तो जळू शकतो. आतील दाब शेकडो व्होल्टचा असतो आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ टिकतो, तेव्हा झाकण घरी उघडू नये. जपानहून आणलेला जुना अॅम्प्लिफायर १०० व्होल्टचा असतो. आपल्याकडील २३० व्होल्टसाठी त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच.

जोडीची परीक्षा घेण्यासाठी विलंबित खयालाची ओळखीची ध्वनिमुद्रिका सोबत न्यावी. तानपुऱ्याची खर्जाची तार आणि डग्गा वेगवेगळे ऐकू येतात का, ते पाहावे. एकमेकांत मिसळत असतील, तर स्पीकरची तार ८ ऐवजी ४ ओहमच्या खुणेला लावून पाहावी. शक्ती थोडी घटते, पण अंतर्गत इम्पीडन्स निम्म्यावर येतो. त्यानेही भागले नाही, तर अॅम्प्लिफायर तोच ठेवून दुसरा स्पीकर मागवावा.