‘जपानमध्ये पहिल्यांदा’ : शिबा कोकानचा तांब्याचा पत्रा

आज एका चित्राबद्दल बोलायचंय, आणि त्या चित्रावर लिहिलेल्या एका दाव्याबद्दल.

साल 1783. शहर एदो, म्हणजे आजचं तोक्यो. चित्रकाराचं नाव शिबा कोकान. चित्रात सुमिदा नदीचा काठ आहे, मिमेगुरी देवळाजवळचा. बांधावरची वाट लांब लांब जाते आणि जाता जाता निमुळती होते. वर भरपूर मोकळं आकाश. आणि चित्रावर कोकानने लिहून ठेवलंय, की ही गोष्ट जपानमध्ये पहिल्यांदा मी बनवली.

कुठली गोष्ट? तर तांब्याच्या पत्र्यावरून छापलेलं चित्र. यातल्याच एका प्रकाराला आपण एचिंग म्हणतो.

जपानमध्ये छापील चित्रं तेव्हा ढिगाने निघत होती, पण ती लाकडी ठशांवरून. लाकडात रेघ ठेवायची आणि आजूबाजूचं लाकूड कोरून काढायचं. उंच राहिलेल्या रेघेला शाई लागते. एचिंगमध्ये बरोबर उलटं. पत्र्यावर मेणासारखा लेप द्यायचा, सुईने त्या लेपात चित्र काढायचं आणि पत्रा आम्लात बुडवायचा. जिथे लेप खरवडलाय तिथलंच तांबं आम्ल खातं. मग लेप काढून शाई चोळायची आणि वरची पुसून टाकायची. शाई फक्त चरांमध्ये राहते. आता ओला कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून काढायचा. रसवंतीतला चरक डोळ्यासमोर आणा, तसंच. त्या दाबाने कागद चरात घुसतो आणि शाई उचलतो. केसाएवढी बारीक रेघसुद्धा उमटते.

आता या माणसाच्या दाव्यावर विश्वास ठेवायचा का? कारण कोकानचा पूर्वेतिहास काही फारसा स्वच्छ नाही. सुझुकी हारुनोबु हा त्या काळातला गाजलेला चित्रकार 1770 मध्ये वारला. तरुण कोकानने त्याच्या शैलीत चित्रं काढली, त्यावर हारुनोबुचंच नाव टाकलं आणि ती खपली! हे म्हातारपणी त्याने स्वतःच लिहून कबूल केलंय. याच माणसाने 1813 मध्ये स्वतःच्या मृत्यूची छापील बातमी लोकांना वाटली. प्रत्यक्षात तो गेला 1818 मध्ये.

मग तो 1783 चा दावा? तो खोटाच आहे. पण माझ्या मते इथे कोकान खोटं बोलत नव्हता. आणि मला या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

त्यासाठी 200 वर्षं मागे जाऊ, आणि वाटेत गोव्यालाही थांबू. 1582 मध्ये जेझुइट पाद्र्यांनी चार जपानी मुलांना युरोपला पाठवलं. ती पोपला भेटली. परतताना 1587 मध्ये गोव्यात थांबली असताना त्यांच्यातल्या हारा मार्तिनोने लॅटिनमध्ये भाषण केलं, आणि ते 1588 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. मुलं 1590 मध्ये जपानला पोचली, सोबत युरोपातलं छपाईयंत्र घेऊन. क्युशू बेटावरच्या जेझुइट शाळांमध्ये जपानी विद्यार्थी तेव्हा पाश्चात्त्य चित्रकला शिकत होते. तांब्यावर कोरून धार्मिक चित्रंही छापत होते. 1597 ची मेरी आणि बाळ येशूची एक तांब्यावरची छाप आजही शिल्लक आहे.

म्हणजे कोकानच्या जवळजवळ 190 वर्षं आधी ही कला जपानमध्ये आलेली होती.

मग झालं काय? 1614 मध्ये शोगुनने देशभर ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. पाद्री हाकलले, शाळा बंद पडल्या. पुढे तर नागासाकीत लोकांना दरवर्षी येशू-मेरीच्या प्रतिमांवर पाय ठेवायला लावायचे, ख्रिस्ती नाही हे सिद्ध करायला. अशा काळात तांब्यावर मेरी कोरणारा कारागीर आपली विद्या कुणाला शिकवणार? बंदी धर्मावर होती, पण तिच्यासोबत एक हुन्नरही गेला. इतका गेला, की कोकानला आपल्याआधी कुणी होतं याचा पत्ताच नव्हता.

त्याला सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. गुरू नाही, कार्यशाळा नाही. 1720 मध्ये शोगुन योशिमुनेने धर्माशी संबंध नसलेल्या पाश्चात्त्य ज्ञानाच्या पुस्तकांवरची बंदी सैल केली होती, म्हणून निदान डच पुस्तकं मिळत होती. ओत्सुकी गेंताकु हा डच जाणणारा विद्वान. त्याच्या मदतीने कोकानने एका डच ज्ञानकोशातली कृती समजून घेतली. ट्युटोरियल म्हणाल तर एवढंच! नुसत्या वाचनावरून लेप, आम्ल, दाब हे सगळं जमवायचं होतं.

एक गंमत. पत्र्यावर जे काढाल ते छापल्यावर उलटं येतं. मिमेगुरीचं चित्र तसंच उलटं आहे, पण मुद्दाम. ते आरसा आणि भिंग लावलेल्या यंत्रातून बघायचं होतं. आरशात नदी परत आपल्या जागी येते. फोनवर ते चित्र शोधा आणि एडिटमध्ये जाऊन फ्लिप करा, म्हणजे एदोच्या लोकांना काय दिसलं ते कळेल.

ही नुसती करमणूक राहिली नाही. 1792 मध्ये कोकानने तांब्यावरून जगाचा नकाशा छापला. सूर्य मध्यभागी आणि पृथ्वी त्याच्याभोवती फिरते, हे त्याने साध्या लोकांसाठी लिहिलं. तिकडे आओदो देंझेन या चित्रकाराने 1808 मध्ये एका वैद्यकीय ग्रंथासाठी शरीररचनेची चित्रं तांब्यावर केली. 1774 मध्ये ‘काइताई शिन्शो’ हा शरीरशास्त्राचा गाजलेला अनुवाद आला होता. त्यातली युरोपीय चित्रं लाकडी ठशांवर उतरवावी लागली होती. आता तीच बारीक रेघ जपानी हातातून येत होती.

आपण ‘पहिल्यांदा’ हा शब्द फार सहज वापरतो. पहिला अमुक, पहिली तमुक. कोकानचं चित्र बघितल्यापासून मी तो शब्द ऐकला की एक प्रश्न विचारतो : खरंच पहिला, की आधीच्यांची नावं कुणीतरी पुसून टाकली होती?

त्याने कोकान लहान होत नाही. हारुनोबुची सही मारणारा हा नकलाकार, पण इथे नक्कल करायला समोर कुणी नव्हतंच. क्युशूतल्या त्या विद्यार्थ्यांना निदान शिकवणारं कुणी होतं. याच्याकडे एक पुस्तक होतं, तेही परक्या भाषेतलं.

भेटू पुढच्या भागात!