मानसोपचार आणि आरोग्यविमा : चंद्रपूर-गडचिरोलीतील रुग्णांनी काय तपासावे?

मन आजारी पडले की पहिला प्रश्न उभा राहतो, जावे कुणाकडे? त्यापाठोपाठ दुसरा येतो, खर्च विम्यातून मिळेल काय? चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत हे दोन्ही प्रश्न अधिक बिकट होतात. चंद्रपूरहून नागपूर सुमारे दीडशे किलोमीटर आहे; सिरोंचा आणि भामरागड येथून तर गडचिरोली हे जिल्ह्याचे ठिकाणच त्याहून लांब पडते. चुकीच्या ठिकाणी मारलेली एक फेरी म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च पाण्यात. म्हणूनच घरून निघण्यापूर्वी काही गोष्टी तपासून घेणे हिताचे ठरते.

तज्ज्ञ कोण?

मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि औषधे लिहून देतो. त्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि संवादातून उपचार करतो, औषधे देत नाही. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. केवळ ‘समुपदेशक’ अशी पाटी पाहून समाधान मानू नये. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नको, कारण विमा कंपनीही तोच विचारते.

शोध कोठून सुरू करावा?

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ मध्ये सुरू झाला. त्याच्या रचनेत मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि सामाजिक कार्यकर्ता यांची पदे आहेत. त्यामुळे गडचिरोलीचे जिल्हा रुग्णालय आणि चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथून चौकशीचा आरंभ करावा. तज्ज्ञ कोणत्या वारी बसतात, हे आधी दूरध्वनीवरून विचारावे. गंभीर रुग्णांसाठी नागपूरचे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे.

प्रवास शक्य नसल्यास ‘टेलि-मानस’ ही केंद्र शासनाची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या या सेवेवर मराठीत बोलता येते. तिच्यासाठी विम्याची गरज नाही. आत्महत्येचे विचार मनात येत असतील तर विम्याची कागदपत्रे शोधत बसू नये. आधी हा क्रमांक फिरवावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

कायदा काय सांगतो?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम २१ नुसार शारीरिक आजारांना जो विमा मिळतो, तोच मानसिक आजारांनाही देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. विमा नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०१८ मध्ये तसे निर्देश दिले. दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना, शिधापत्रिका हाती नसली तरी, शासकीय संस्थांत मोफत उपचारांचा हक्क याच कायद्याने दिला आहे.

पॉलिसीत काय पाहावे?

खरी मेख येथे आहे. बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरचाच खर्च देतात. मानसशास्त्रज्ञाकडील आठवड्याची भेट मात्र बाह्यरुग्ण सेवेत मोडते आणि पॉलिसीत त्याची स्वतंत्र तरतूद नसेल तर ती स्वखर्चानेच करावी लागते. म्हणून कंपनीला हे प्रश्न लेखी विचारावेत :

* बाह्यरुग्ण सल्ला आणि समुपदेशन समाविष्ट आहे काय? वर्षाला किती रकमेपर्यंत?
* संबंधित रुग्णालय कंपनीच्या यादीत आहे काय? रोकडरहित सुविधा मिळेल काय?
* आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ किती? (एप्रिल २०२४ पासून तो तीन वर्षांपेक्षा अधिक ठेवता येत नाही.)
* व्यसनमुक्तीचा खर्च मिळेल काय?

शेवटचा प्रश्न या भागात विशेष महत्त्वाचा. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. दारूमुळे उद्भवणारे मनोविकार कायद्याच्या व्याख्येत येतात, पण व्यसनावरील उपचार अनेक पॉलिसींतून वगळलेले असतात.

वेस्टर्न कोलफिल्ड्स किंवा महानिर्मितीच्या कर्मचाऱ्यांनी आपल्या आस्थापनेचे वैद्यकीय नियम पाहावेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणते उपचार बसतात, हे अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून समजते.

माहिती लपवू नये

लोकलज्जेपोटी पूर्वीचे मानसोपचार अर्जात न सांगण्याकडे अनेकांचा कल असतो. नेमके हेच पुढे दावा फेटाळण्याचे कारण ठरते. कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तथापि विमा अर्जातील प्रश्नांना खरी उत्तरे देणेच श्रेयस्कर.

दावा नाकारल्यास

नकाराचे कारण लेखी घ्यावे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. महिनाभरात समाधान न झाल्यास वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. नियामक प्राधिकरणाचा १५५२५५ हा मदत क्रमांकही उपलब्ध आहे. केवळ ‘मानसिक आजार आहे’ म्हणून दावा नाकारला गेला असेल, तर कायदा रुग्णाच्या बाजूने आहे.