गनला पाणी

आमचा आजा महार पलटणीत मशीनगनवर होता. व्हिकर्स गन. तो म्हणायचा, "त्या गनला लई तहान, पोरा. पानी नाय पाजलं तर तापून बंद पडती." नळीभोवती पत्र्याचं कवच, त्यात चारेक लिटर पाणी. तीन-चार मिनिटं सलग मारा केला की पाणी उकळायचं. वाफ रबरी नळीतून डब्यात जायची, गार होऊन परत पाणी. मिनिटाला साडेचारशे-पाचशे गोळ्या.

शाळेत आम्हाला लढाई शिकवली ती तलवारीची. अमका शूर, तमकी जात लढवय्यी. मी मात्र आज्याच्या गनपासून इतिहास वाचायला लागलो. पहिला प्रश्न पडला तो हाच : मशीनगनला जात कळते काय?

२ सप्टेंबर १८९८. सुदानात ओमदुर्मान. महदीचे अनुयायी उघड्या मैदानावर धावून आले. शौर्यात काय कमी होतं? पण समोर तोफा, मॅक्झिम गन आणि नव्या रायफली होत्या. दहा हजारांवर माणसं मेली. इंग्रजांच्या बाजूची पन्नासच्या आत. साहेबाला वाटलं, ही आपल्या वंशाची थोरवी.

मग १ जुलै १९१६, फ्रान्समधली सोम नदी. आता मशीनगन दोन्हीकडं. सेनापती हेगचा बेत असा : आठवडाभर तोफा डागायच्या, तारांची कुंपणं तोडायची, मग पायदळानं जाऊन खंदक ताब्यात घ्यायचे. पंधरा लाखांवर गोळे टाकले. बरेच फुटलेच नाहीत. बऱ्याच गोळ्यांतल्या छर्र्यांनी तार तुटेना. जर्मन शिपाई जमिनीखाली खोल तळघरांत बसून राहिले. तोफांचा मारा पुढं सरकला तशा त्यांनी गनी वर आणल्या. इंग्रज पायदळ रांगा धरून चालत आलं. एका दिवसात ५७,४७० जायबंदी, बेपत्ता नि मेलेले. त्यातले १९,२४० ठार. लॉर्डाचा पोरगा आणि गिरणीतला मजूर एकाच चिखलात. वंशाची थोरवी अठरा वर्षांत मातीला मिळाली.

आणि कुठं फळी फुटलीच, तरी हल्ला करणारा चिखलातून पायी पुढं जाणार. बचाव करणारा आगगाडीनं ताजी माणसं आणून भोक बुजवणार. म्हणून युद्ध चार वर्षं रेंगाळलं. १५ सप्टेंबर १९१६ला रणगाडा आला. तोफांच्या सरकत्या माऱ्यामागून चालणं, लहान टोळ्यांनी पुढं घुसणं लोक शिकले. ८ ऑगस्ट १९१८ला आमियाँला तोफ, रणगाडा, विमान, पायदळ एकत्र चाललं तेव्हा कुठं फळी नीट फुटली. म्हणजे काय, तर लढाई कारखान्यात, रुळावर नि हिशेबाच्या वहीत गेली. त्या हिशेबात माणूसही गोळ्यासारखाच. संपला की नवा मागवायचा.

आता आपल्याकडं या. १८९२च्या सुमारास साहेबानं 'लढवय्या जाती' ठरवल्या आणि महारांची भरती बंद केली. कोरेगावच्या स्तंभावर आमची नावं कोरलेली, तरी आम्ही लढवय्ये नाही! अर्ज-विनंत्या झाल्या. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१०ला अर्ज धाडला. दार उघडलं नाही. उघडलं ते १९१७ला. साहेबाला अक्कल आली म्हणून नव्हे, माणूस कमी पडला म्हणून. १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, १९२१ला मोडली. पुन्हा महायुद्ध, पुन्हा माणसांचा तुटवडा, बाबासाहेबांचा रेटा. १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंट. १९४६ला ती मशीनगन रेजिमेंट झाली. बिल्ल्यावर आधी कोरेगावचा स्तंभ होता, पुढं दोन व्हिकर्स गनी आल्या.

मित्रहो, हिशेब मांडा. युद्ध मोठं झालं की माणूस कमी पडतो. माणूस कमी पडला की विटाळ मिटतो. युद्ध संपलं की विटाळ परत हजर. यात आमचं शौर्य कुणी नव्यानं शोधलं नाही. ते होतंच. फक्त त्याची गरज दुसऱ्यानं ठरवली.

आजा रजेवर गावी आला. अंगात खाकी, पायात बूट. विहिरीपाशी उभा राहिला. एका बाईनं वरून पाणी ओतलं, त्यानं ओंजळीत घेतलं. पोहरा शिवायचा नाही.

म्हातारा हे सांगताना हसायचा. म्हणायचा, "सरकारच्या गनला मी हातानं पानी पाजायचो रं. मला मात्र लोकानी वरनं वाढलं."

मला अजून हसू येत नाही.