पत्त्यांची इनामदारी

दि. १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अर्पानेट या संगणक-जाळ्यावर जुना एनसीपी प्रोटोकॉल रद्द करून टीसीपी/आयपी सक्तीचा करण्यात आला. जोडलेले संगणक काही शे आणि पैसा एका खात्याचा, म्हणून हुकूम चालला. तरीही मागे राहिलेल्यांना सामावून घेण्यात पुढचे काही महिने गेलेच.

त्या आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्त्यासाठी ३२ बिट राखले होते, म्हणजे सुमारे ४२९ कोटी पत्ते. एका प्रयोगासाठी ते विपुल होते. आपण प्रयोग समजूनच हा आकडा निवडला होता, असे विंट सर्फ यांनी पुढे सांगितले आहे. प्रयोग मात्र संपलाच नाही.

१९९८ च्या अखेरीस १२८ बिटांची सहावी आवृत्ती प्रसिद्ध झाली. अडचण अशी की या दोन आवृत्त्या परस्परांशी थेट बोलू शकत नाहीत. नवी स्वीकारणाऱ्याला जुनीही चालवावी लागते. खर्च आज त्याचा एकट्याचा, लाभ मात्र इतर सारे आल्यानंतरचा. आता हुकूम सोडणारे कोणी उरले नव्हते. त्यातच १९९४ पासून 'नॅट' हे तंत्र हाताशी होते. एका सार्वजनिक पत्त्याआड अनेक संगणक दडवता येत असल्याने टंचाई झाकली गेली आणि बदलाची निकडही ओसरली.

३ फेब्रुवारी २०११ रोजी चौथ्या आवृत्तीचा मध्यवर्ती साठा वाटून संपला. त्याच वर्षी दिवाळखोर नॉर्टेलकडचे ६,६६,६२४ पत्ते मायक्रोसॉफ्टने ७५ लाख डॉलरना घेतले. एमआयटीसारख्या एकट्या संस्थेला आरंभी १ कोटी ६७ लाखांहून अधिक पत्ते मिळाले होते. २०१७ मध्ये तिने त्यांतले बरेचसे विकायला काढले. मूळ वाटप जवळजवळ फुकटचे. महसूल खात्यातील जुन्या मंडळींना यात इनाम जमिनींची आठवण झाल्यास नवल नाही!

भारत उशिरा आला, त्यामुळे त्याच्या वाट्याला इनाम आले नाही. दूरसंचार विभागाने जुलै २०१० मध्ये सहाव्या आवृत्तीचा आराखडा काढला. पण खरा वेग आला तो २०१६ नंतर, नव्याने उभ्या राहिलेल्या ४-जी जाळ्यांमुळे. मोडायला जुने काही नव्हतेच. आज या वापरात भारत जगातील आघाडीच्या देशांत आहे.

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या तपासणीत मला आढळले की, सर्व उपकरणे सहाव्या आवृत्तीस सक्षम असल्याचा दाखला नस्तीत व्यवस्थित लावलेला होता, सुविधा मात्र बंद होती. खिशातला मोबाइल नव्या पत्त्यावर, टेबलावरचा संगणक जुन्या! कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "साहेब, चालतंय ना सगळं."